नावं ठेवणारा माणूस

करार वाचावा तर मी! बढाई नाही मारत. वकिलाच्या ऑफिसात बावीस वर्षं हेच करतोय. भाडेकरार असो, भागीदारी असो, नाहीतर मृत्युपत्र. एखादा स्वल्पविराम भलत्या जागी बसला तर मी त्याला कान धरून उठवतो. पक्षकारानं सहीसाठी पेन उघडलं की मी ओरडतो, "थांबा! आधी वाचा!"

तर अशा या मी, फोन कुणाचा आहे ते उचलायच्या आधीच सांगणारं एक फुकटचं ॲप मोबाईलवर घेतलं. पडद्यावर करार उलगडायला लागला तो संपेचना! मी अंगठ्यानं सर्रकन खाली ढकलला आणि 'मान्य' दाबलं.

"वाचलंत का हो?" बायकोनं विचारलं.

"अगं, असले करार सगळे सारखेच असतात!"

हे वाक्य एखादा पक्षकार बोलला असता तर मी त्याला अर्धा तास बाहेर बाकावर बसवलं असतं.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी सकाळी आमचा प्लंबर हातात पाना घेऊन दारात उभा!

"साहेब, मी वेळेवर येत नाही, कबूल. पण म्हणून कुणी असा जगभर बोभाटा करायचा? मी कुणालाही फोन लावला की समोर नाव येतं, 'उद्यायेतो प्लंबर'! काल एक बाई म्हणाल्या, मग फोनपण उद्याच करा!"

हे नाव माझ्या मोबाईलमध्ये होतं. फक्त माझ्याच!

"लोक काय वाट्टेल ते लिहितात हो," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं. तेव्हाच खरं बोललो असतो तर? पण नाही!

ऑफिसात पोचलो तर आमचे वकीलसाहेब टेबलावर मुठी आपटत होते. "समोरच्या बाजूचा वकील मला म्हणतो, 'बोला, भोंगासाहेब!' त्याच्या मोबाईलमधलं ॲप माझं हेच नाव दाखवतं म्हणे! हे नाव ठेवलं कुणी?"

टायपिस्टबाईंना खुदकन हसू आलं. झालं! सगळा संशय त्यांच्यावर.

"मी नाही हो, साहेब! देवाशप्पथ!" त्यांचे डोळे भरून आले.

"त्या ॲपचा करार काढा!" साहेब गरजले आणि बोट माझ्याकडे वळवलं. "तुम्ही वाचा. तुमच्याइतकं बारकाईनं कोण वाचणार?"

मी उभा राहून वाचू लागलो. कलम सतरा. "वापरणाऱ्याच्या मोबाईलमधील सर्व क्रमांक, त्याने दिलेल्या नावांसह, कंपनी घेईल व इतरांना दाखवील. यास वापरणाऱ्याची संमती आहे." 'संमती'पर्यंत येता येता माझा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा झाला. टायपिस्टबाई रुमालानं नाक पुसत होत्या.

"साहेब," मी म्हणालो, "ती संमती माझी आहे. भोंगाही माझाच."

आता छप्पर उडणार म्हणून मी डोळे मिटले. पण साहेब ओरडलेच नाहीत. अगदी हळू म्हणाले, "तुम्ही? न वाचता?"

बावीस वर्षांत त्यांचा इतका हळू आवाज मी ऐकला नव्हता. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

मग घरी येऊन मी उरलेला करार वाचला. ॲप काढून टाकलं तरी नावं जात नव्हती! कलम तेवीस म्हणत होतं: नाव पुसायचं तर ज्याचा क्रमांक त्यानंच अर्ज करायचा आणि जे नाव दिसतंय ते जसंच्या तसं लिहायचं. म्हणजे मी ज्याला ज्याला नावं ठेवली होती, त्याच्यासमोर जाऊन ते नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं! असे एकतीस जण निघाले. बायको म्हणाली, "एवढेच?" आणि आत निघून गेली.

टायपिस्टबाईंची आधी माफी मागितली. मग रोज ऑफिस सुटलं की एकेक दार. शिंप्यानं टेप गळ्यातून काढून माझ्याकडे अशी नजर टाकली, की पँट दुसरीकडे शिवायला टाकावी लागणार हे मी ओळखलं. चुलत्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. साहेबांनी मात्र समोर बसवून 'भोंगा' लिहिलं आणि पुढची फाईल ओढली.

शेवटी राहिली माझी थोरली बहीण. मुद्दामच शेवटी ठेवली होती. भावजी गेल्यापासून ताई रोज संध्याकाळी फोन करायची आणि बोलता बोलता रडायची. मी फोन टेबलावर ठेवून, पेपर वाचत अधूनमधून 'हो, हो' म्हणायचो.

तिनं दारातच माझा हात धरला. "अरे, किती वाळलास! बस आधी."

मी बसलो आणि चपलांकडे बघत नाव सांगून टाकलं.

ती म्हणाली, "कंटाळा येत होता तर सांगायचंस की रे."

मी मोबाईलवर अर्ज उघडून तिच्यापुढे धरला. तिनं पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागली. मध्येच थांबली.

"रडूबाईतला 'डू' ऱ्हस्व की दीर्घ रे?"

"दीर्घ, ताई."