चर्चेला कुलूप

आमच्या विज्ञान मंचावर ‘आवाज शेवटी जातो कुठे?’ ही ऑनलाइन चर्चा चालू आहे तोवर, कुठे जायचं हेच ठरलेलं नसल्यामुळे, सभासदांच्या घरातले जुने आवाज घरातच थांबतात. म्हणून माझी बायको कुमुद जाऊन दोन वर्षं झाली तरी रोज सकाळी स्वयंपाकघरातून ओरडते, “अहो, दूध बघा, उतू जातंय!” मी धावतो.

मंचाचा शिरस्ता साधा आहे. उत्तर सगळ्यांना पटलं की मॉडरेटर धनावडे बाई चर्चेला कुलूप लावतात. त्यामुळे आम्ही जुने सभासद काहीही पटवून घेत नाही. बार्शीच्या लोखंड्यांकडे त्यांच्या वडिलांचा खोकला आहे. ते निर्वात पोकळीच्या मुद्द्यावर हटून बसलेत. मी मधूनमधून मूर्ख शंका काढतो. ते मला चांगलं जमतं.

परवा कराडचे हुलवान सर नव्याने आले. त्यांनी लिहिलं, “आवाजाची ऊर्जा हवेत, भिंतींत जिरते आणि तिची उष्णता होते.” आता, नव्या माणसाच्या पहिल्या मजकुराखाली ‘छान माहिती, सर’ असं न वाचताच लिहायची आमच्याकडे रीत आहे. लोखंड्यांनी लिहिलं. मागोमाग सगळ्यांनी लिहिलं. मीही.

मी बाईंना फोन लावला.

“बाई, मला अजून शंका आहे.”

“बिडकर, तुम्हीच ‘छान माहिती’ म्हणालात. सर्वांना पटलंय. उद्या सकाळी कुलूप.”

“अहो, ती नुसती रीत हो!”

“मला नियम पाळायला हवेत. माझ्या घरात काय आवाज नाहीत का?”

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मग ती उष्णता कुठे जाते?”

“हे विषयांतर झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “नवी चर्चा उघडा. लगेच उघडा.”

उघडली.

सकाळी कोणी ओरडलं नाही. दूध उतू गेलं. मी ओट्यापाशी उभा राहून रडलो, मग फडकं घेऊन सगळं पुसलं. खाली ओघळलेलं पुसताना आधाराला कुमुदच्या स्टुलावर हात टेकला. स्टूल गरम होतं, ती आत्ताच उठून गेल्यासारखं.

हुलवान सरांना निरोप धाडला की नव्या चर्चेत सावकाश या, घाई नाही. मग उरलेल्या दुधाचा चहा केला आणि स्टुलाशेजारी फरशीवर बसून प्यायलो.