मोरखिंडीतून सूर्य आणणेबाबत

पौषातल्या दुसऱ्या रविवारी सावळदऱ्यात सूर्य आपणहून उगवत नाही. मोरखिंडीत धावत जाऊन त्याला आणावा लागतो. गाव ते खिंड साडेदहा किलोमीटर, परत साडेदहा. अर्धमॅरेथॉनला एकवीस किलोमीटरवर आणखी सत्त्याण्णव मीटर का असतात, याची कारणं इतर गावं वेगवेगळी सांगतात. आमच्याकडे ते सत्त्याण्णव मीटर सूर्याला वळसा घालण्यात जातात.

वर्षातले बाकीचे दिवस तो वेळेवर येतो. याच रविवारी का अडतो, असं मी नगरपंचायतीचे मुख्य लिपिक वाणीकाका यांना एकदा विचारलं. त्यांनी फायलीतून मान वर केली नाही.

"वर्षातनं एक दिवस कुणालाही वाटतं, आपल्याला कुणीतरी न्यायला यावं," ते म्हणाले. "तुमचं पुण्याचं शिक्षण काही वेगळं सांगतं का, मॅडम?"

काही सांगत नव्हतं. मी पुण्यात क्रीडा व्यवस्थापन शिकले, दोन वर्षं मोठ्या शहरांतल्या शर्यतींचं काम केलं आणि चोविसाव्या वर्षी गावी परतले, ते इथे एक तरी गोष्ट नीट करून दाखवायची म्हणून. शर्यत समितीचं सचिवपद कुणालाच नको होतं, ते मला मिळालं. जुन्या नोंदवह्या वाचल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. गावातल्या सर्वांत वेगवान माणसाने हे अंतर एक तास सोळा मिनिटांत कापलं होतं, आणि सूर्य दरवर्षी सव्वाचार तास घेत होता. सहाला सुरू झालेली शर्यत, आणि ऊन सव्वादहाला. तोवर म्हातारी माणसं अंगाभोवती गोधड्या गुंडाळून काळोखात ओट्यावर बसून राहायची. दवाखान्यातल्या बाळंतिणी लेकरांना पोटाशी धरून खिडकीकडे बघत राहायच्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. सूर्य पहिल्याच्या मागून येत नाही. परतीच्या रस्त्यावर जो सर्वांत मागे धावत असेल, त्याच्या मागून येतो. आणि गेली एकोणीस वर्षं सर्वांत मागे शकूताई हिंगणे होत्या.

शकूताई एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये पोहे करतात. वय साठीला टेकलेलं, सलवार-कमीजवर मुलाचा जुना स्वेटर, कानांवरून घट्ट बांधलेला मफलर. त्या चालत नाहीत, धावतातच. पण त्यांच्या धावण्याला बाजारात निघालेला माणूस सहज मागे टाकेल. आणि सगळा वेळ त्या बोलत असतात.

मी समितीपुढे नियम सात मांडला. सकाळी नऊ वाजता जो धावपटू रस्त्यावर असेल त्याला समितीच्या जीपमध्ये घ्यावं आणि गाडीत बसताच त्याचा नंबर रद्द करावा. शेवटचा जितका वेगवान, तितका सूर्य लवकर. फळ्यावर आकडेमोड करून दाखवली. कुणीच वाद घातला नाही, उलट शकूताईच उठून म्हणाल्या, "पोरीचं खरंय. माझ्यापायी गाव गारठतं. बसेन मी गाडीत."

नियम एकमताने मंजूर झाला. चूक करताना आमच्या गावाचं नेहमीच एकमत होतं.

त्या रविवारी पारा दोन अंशांवर होता. आम्ही चौसष्टजण बॅटऱ्या घेऊन निघालो. पहिले तीन किलोमीटर सपाटी आहे, आणि तिथेच हाताची बोटं आपली राहत नाहीत. मग घाट लागतो. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं, आणि काळोखात चौसष्ट माणसांच्या तोंडांतून निघणारी वाफ बॅटऱ्यांच्या उजेडात एकत्र चढत होती. सातव्या किलोमीटरच्या उभ्या चढणीला कुणी बोलत नाही. छातीत गार हवा सुरीसारखी जात असते. एकेक वळण संपतं आणि वर दुसरं तयार असतं.

खिंडीत सूर्य नेहमीच्या जागी होता. त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मान खाली घालून, डावा हात डोळ्यांवर धरून त्याला वळसा घालायचा. त्या सत्त्याण्णव मीटरमध्ये मला फक्त रस्त्याचं डांबर दिसलं, पण डांबरातला एकेक खडा असा दिसला की जणू तो आत्ताच घडवून ठेवलाय. उजव्या गालावर ऊब आली. मग वळण संपलं, आणि पुन्हा काळोख.

सचिवाने धावायचं, पण रेषा सर्वांत शेवटी ओलांडायची, असा समितीचा शिष्टाचार आहे. आधी सर्वांच्या नोंदी पूर्ण करायच्या. त्यामुळे मी पावणेआठला परतले तरी रेषेच्या दहा पावलं अलीकडे थांबले आणि येणाऱ्यांची नावं वाचत राहिले. रेषेपलीकडे वाणीकाका वहीत लिहीत होते. नऊला दहा कमी असताना बासष्टावा आला. मी घाटाकडे बघितलं. उजेड सोळाव्या किलोमीटरच्या आसपास, अगदी सावकाश, खाली सरकत होता.

नऊ वाजता तो थांबला.

नऊ वाजून बारा मिनिटांनी जीप आली. चालवत होता इस्माईल तडवी, आणि शेजारी शकूताई मांडीवर हात ठेवून, वऱ्हाडातून आल्यासारख्या बसल्या होत्या.

"सूर्य कुठंय?" मी विचारलं.

"तिथंच," इस्माईलने मागे अंगठा केला. "ताई गाडीत बसल्या आणि तो उभाच राहिला. हॉर्नपण दिला मी."

"सूर्याला हॉर्न दिलास?" वाणीकाकांनी चष्मा काढला.

"मग काय करू, साहेब? आरशात दिसत होता. हलेचना."

शकूताई खाली उतरल्या. "मी म्हटलं त्याला, गाडीमागनं ये. तर ऐकतोय होय! त्याला कुणाचे तरी पाय दिसायला लागतात."

मी म्हणाले, ताईंना लगेच जीपने सोळाव्या किलोमीटरवर नेऊन सोडू. वाणीकाकांनी वही माझ्याकडे फिरवली. शकूताईंचा नंबर लाल शाईने खोडलेला होता.

"रद्द केलेला नंबर त्याच दिवशी पुन्हा चढवता येत नाही," ते म्हणाले. "आणि बिननंबरी माणसाच्या मागून तो येत नाही. नाहीतर सरपण आणायला गेलेल्या बायकांनी त्याला कधीच घरी आणला असता."

"चढवता येत नाही असं कुठं लिहिलंय?"

"नियम आठ."

"हा नियम कुणी केला?"

"तुम्हीच, मॅडम. दुसऱ्या पानावर. सुबक अक्षरात आहे."

रेषेपलीकडे माणसं जमली होती. कुणी ओरडलं नाही. त्यामुळे मला जास्त लाज वाटली. सर्वांना एकच गोष्ट माहीत होती: बारा वाजता सूर्य जिथे असेल तिथून उतरायला लागतो. त्या बाबतीत तो फार काटेकोर आहे. गावात न येताच तो उतरला असता तर रविवार सुरूच झाला नसता, आणि जो सुरू झाला नाही तो संपणार कसा? मग सोमवार कशाच्या मागून येणार? दवाखान्याची नर्स एका बाळाला शालीत गुंडाळून दारात उभी होती, आणि त्याचं रडणं एवढ्या लांबूनही ऐकू येत होतं.

"रस्त्यावर अजून कोण आहे?" मी विचारलं.

वाणीकाकांनी वहीतून बोट फिरवलं. बासष्ट आलेले, एक रद्द. मग त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. रेषेच्या दहा पावलं अलीकडे होते ते.

"तुम्ही," ते म्हणाले.

मी फिरले आणि घाटाकडे धावू लागले. जीपमध्ये बसले असते तर नियम सातनुसार मीही रद्द झाले असते, म्हणून शकूताईंना पुन्हा आत घेऊन जीप माझ्या शेजारून चालली, दिवे लावून. पाय दीड तास थंडीत उभे राहून लाकडासारखे झाले होते. घाम अंगावरच गार झाला होता. पाच किलोमीटरचं अंतर, शेवटी चढ, आणि मी एकवीस किलोमीटर आधीच वापरलेले. पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा शकूताईंनी खिडकीतून गुळाचा खडा पुढे केला.

"घे. आणि दात नको खाऊ, गूळ खा."

"ताई, तुम्ही त्याला कसा आणता?"

"मी कुठं आणते? तो येतो. फक्त पळायचं नाही एवढं."

"ही शर्यत आहे, ताई!"

"तुमची असेल. त्याची नाही." मग त्या म्हणाल्या, "बोलायला लागतं त्याच्याशी. गावात काय काय झालं ते सांगायचं. वर्षभर त्याला वरनं दिसतं सगळं, पण ऐकू येत नाही काही."

साडेसोळाव्या किलोमीटरपाशी इस्माईलने जीप वळवली. इंजिनच्या आवाजाने तो बुजतो, असं शकूताई म्हणाल्या. लाल दिवे खाली गेले आणि मी एकटी वर चढत राहिले.

शेवटच्या वळणापलीकडे रस्त्यावर एक सरळ रेघ होती. अलीकडे काळोख, पलीकडे सकाळ. अलीकडचं गवत पांढरं, पलीकडच्या गवतावरून पाणी टपटपत होतं. पलीकडे बुलबुल ओरडत होते, एक खार मोरीच्या कठड्यावर अंग शेकत बसली होती, आणि अलीकडे, एका पावलावर, माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी उजवा हात रेघेपलीकडे नेला. बोटांत रक्त आलं, ते मला कळलं. मोरीच्या मागे तो उभा होता. मी बघितलं नाही, पण एवढी मोठी गोष्ट एवढी गप्प उभी राहू शकते, हे मला माहीत नव्हतं. माझं डोकं आपोआप खाली झुकलं.

"चला," मी म्हणाले, आणि पाठ फिरवून निघाले.

माझी सावली पुढे रस्ताभर पडली. दहा पावलांनंतर ती नव्हती. मी नेहमीच्या वेगात निघाले होते आणि उजेड मागेच राहिला होता. परत गेले. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. घड्याळात साडेदहा झाले होते. तिसऱ्यांदा मी वेग इतका कमी केला की मला स्वतःचा राग आला. या वेळी सावली टिकली.

मग बोलायला सुरुवात केली. नगरपंचायतीच्या हद्दीत या वर्षी सतरा बोअर घेण्यात आल्या, मी सांगितलं. मतदारसंख्येत चार टक्के वाढ. सावली फिकी झाली. मी घाबरून दुसरं काही आठवू लागले, आणि लक्षात आलं की ज्या गावासाठी मी एवढी धडपडत होते, त्या गावातलं मला फारसं काही माहीतच नव्हतं. मग जे दिसलं होतं तेवढंच सांगितलं. इस्माईलच्या मुलीला बारावीला गणितात पंच्याण्णव मिळाले, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो की पाच कुठे गेले असतील. वाणीकाका बायको गेल्यापासून दुपारचा डबा आणत नाहीत; कँटीनमध्ये शकूताई त्यांना न विचारताच पोहे देतात. दवाखान्यात मंगळवारी एक बाळ झालंय, पावणेदोन किलोचं म्हणून आतच ठेवलेलं, त्याने अजून ऊन बघितलेलं नाही.

सावली गडद झाली. पाठीवर ऊब चढली, स्वेटरातून, कातडीतून, हाडांपर्यंत. माझ्या दोन्ही बाजूंनी घाट उजळत खाली येत होता. झाडांना रंग येत होते, एकेकाला, घाई न करता, आणि प्रत्येक झाडाला त्याचाच रंग. नियम सात कुणी केला तेही मी सांगितलं. सांगताना रडले. गार गालांवर ते पाणी गरम लागलं. तो काही बोलला नाही, पण मागेही राहिला नाही.

सपाटीला लागले तेव्हा पाय माझे उरले नव्हते. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं डोळ्यांवर हात धरून, माना खाली घालून उभी होती. उजेड एकेकाच्या पायांवर, मग गोधडीवर, मग कपाळावर चढत गेला. नर्सने बाळाच्या तोंडावरची शाल बाजूला केली. बाळ रडायचं थांबलं आणि त्याने शिंकून घेतलं.

मी रेषा ओलांडली. वाणीकाकांनी घड्याळ बघून लिहिलं: त्रेसष्टावी, जुई पाठारे, अकरा बावन्न.

"आठ मिनिटं," ते म्हणाले. "बाराला त्याला माथ्यावर असायला लागतं."

शकूताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता बघ," त्या म्हणाल्या. "आता बघितलं तरी चालतं."

पण वर बघवत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. पाण्याच्या टाकीची सावली चौकापलीकडच्या शाळेपर्यंत पोचली होती. ती हलली. शाळेच्या भिंतीवरून उतरली, चौक ओलांडून मागे येऊ लागली, आधी चालत, मग जोरात, मग एवढ्या वेगाने की रस्त्यावरची कुत्री उठून बाजूला झाली. खांबांच्या, घरांच्या, माणसांच्या, सगळ्या गावाच्या सावल्या परत धावत आल्या आणि ज्याच्या त्याच्या पायाशी येऊन थांबल्या.

शाळेच्या घड्याळात बारा वाजले. वाणीकाकांनी वहीत सूर्याच्या नावापुढे वेळ लिहिली आणि वही मिटली.

"जोरात गेला," इस्माईल म्हणाला.

"उशीर झाला की जातो," शकूताई म्हणाल्या, आणि पोहे टाकायला कँटीनकडे निघाल्या.