अक्कांचा बनावट खेळाडू

"नाव घेऊ नका! लिफ्टमध्ये माणसं असतात!" अक्का ओरडल्या. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि मी नाव घेतलं होतं ते दूधवाल्याचं.

आमच्या महादेवपुऱ्याच्या सोसायटीत माझ्या शेजारी राहणाऱ्या अक्का समाजशास्त्र शिकवतात. घराणं चारशे वर्षं इथलं, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. खेळांतल्या समलिंगी माणसांवर त्या पुस्तक लिहितायत. खेळाडू विश्वासानं बोलले आणि अक्कांची झोप उडाली. कोणी ओळखू आलं तर त्याची टीम जाईल, कदाचित घरही. म्हणून मुलाखतींचे कागद त्या आधी फाडतात, मग भिजवतात, मग मिक्सरमधून काढतात. त्यांच्याकडची चटणी मी दोन वर्षं चाखलेली नाही.

"स्वल्प वेषांतर केलंय," म्हणत त्यांनी एक प्रकरण मला वाचायला दिलं. मूळ माणूस कोण होता देव जाणे, कागदावर मात्र सहा फुटी, डावखुरा, नागपूरचा, व्हाइटफील्डच्या ऑफिसातर्फे खेळणारा बॅडमिंटनपटू उभा होता.

"यातलं खरं किती?"

"ते विचारू नका."

हे प्रकरण त्यांनी कॉलेजातल्या एका सभेत वाचलं. वाचताना माइकसुद्धा कापत होता म्हणे.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे कॉफी पीत असताना बेल वाजली. दारात सहा फुटी, डावखुरा, नागपूरचा गृहस्थ. नाव सांगत नाही, आणि त्याचा खेळही मी इथे बदललाय.

"मी मागच्या रांगेत होतो," तो म्हणाला. डाव्या हातानं त्यानं चौकट धरली होती. "पुस्तक छापलं की अख्खं ऑफिस वाचेल. माझ्याबद्दल तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोणीच नाही." अक्का पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, मी तुम्हाला मनानं रचलं."

असला खुलासा कोण मानणार? अक्कांनी कागद आणले, पेन काढलं आणि त्याच्यादेखत उंची खोडली, डावा हात खोडला, नागपूर खोडलं. तो एकेका शब्दावर बोट ठेवून बघत होता. बोट एका ओळीवर थांबलं. सामना संपला की सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत हा खेळाडू बुटाची नाडी सोडत बसतो, असं तिथे लिहिलं होतं.

"हेही काढा ना," तो हळूच म्हणाला. "हे तर मी कोणालाच सांगितलेलं नाही."

अक्कांनी पेनाला टोपण लावलं.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते माझं आहे. कॉलेजच्या खो-खो टीममधलं."