साहेबांच्या पायाशी

'चित्रात प्राणी उगाच बसत नाही,' या एका वाक्यावर चित्रकलेच्या सरांनी शाळेत उभी जवानी काढली होती. तीही हंगामी शिक्षक म्हणून! आता त्यांनी काढलेलं संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचं तैलचित्र सभागृहात लागणार होतं. ते साहेबांना आवडलं, तर सर कायम होणार होते.

"बघच तू," ते बायकोला म्हणाले, "पायाशी असा कुत्रा बसवतो, की निष्ठा म्हणजे काय ते भिंतीलासुद्धा कळेल!"

भिंतीच्या आधी मुख्याध्यापकांना कळलं.

"हा मी का?"

"छे हो, सर! ही निष्ठा आहे."

"मग निष्ठेचे कान माझ्यासारखे कसे?"

सरांनी निरखून पाहिलं. कान खरंच तसे होते. मान वर करून साहेबांकडे बघण्याची तऱ्हा तर हुबेहूब!

कुत्रा गेला, कासव आलं. संयम! दीर्घायुष्य! अध्यक्षांच्या खुर्चीवर डोळा ठेवून म्हातारे झालेले उपाध्यक्ष चित्रापुढे सुतकी चेहऱ्याने उभे राहिले.

"म्हणजे हे अजून शंभर वर्षं हलत नाहीत, असंच ना?"

कासव खरवडून सरांनी सिंह रंगवला. शौर्याशी कोण भांडणार? साहेबांच्या पत्नी आल्या आणि इतक्या हसल्या, की त्यांना बसायला स्टूल द्यावं लागलं.

"अहो, झुरळ निघालं की हे पलंगावर चढतात!"

मधल्या सुट्टीत ते झुरळ शाळाभर फिरलं. सिंहही गेला. पायाशी उरला नुसता गालिचा.

अनावरणाच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः आले.

"चेहरा झकास. पण खाली एवढी जागा मोकळी का?"

"साहेब, कुठलाही प्राणी बसवला, तरी कुणाला तरी लागतो."

"मग तुम्हीच बसा की!"

"मी?"

"हातात ब्रश घेऊन, माझ्याकडे बघत. कायम व्हायचंय ना?"

सर बसले. आरसा समोर ठेवून त्यांनी स्वतःला रंगवलं. मान जराशी वर ठेवली, तर चेहऱ्यावर मिजास दिसे. पुसून आणखी वर केली.

अनावरण झालं, टाळ्या पडल्या, सर कायम झाले. गर्दी पांगल्यावर मुख्याध्यापक चित्रासमोर येऊन बराच वेळ बघत राहिले. आता हे उट्टं काढणार, असं सरांना वाटलं. पण त्यांनी मायेने सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मान दुखते सुरुवातीला," ते म्हणाले. "मग सवय होते."