शिडोबाची चाल

बाळांनो, मांडी घालून बसा आणि चुळबूळ करू नका. एका जंगलात, माणसं जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, शिडोबा नावाचा एक अवाढव्य प्राणी राहत होता. तोंड सुसरीचं, पाठीवर उंचच उंच शीड, शेपूट वल्ह्यासारखं. मागचे पाय मात्र आखूड. रोज नदीत उतरायचा, मासे खायचा, परत यायचा. त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पण त्या जंगलात एक नियम होता. दरवर्षी प्रत्येकाने आपली चाल जंगलाच्या समितीच्या वहीत नोंदवायची. नोंद नाही, तर नदी बंद. वहीत रकाने तीन : दोन पायांचे, चार पायांचे, पोहणारे.

"बोला, कुठे लिहू?" समितीचे अध्यक्ष कासवगुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मासा नेईल तसा मी जातो. कधी चालतो, कधी पोहतो."

"असा रकाना नाही," चिटणीस सरडा म्हणाला.

मग समितीने मोजमाप घेतलं. तीन दिवस शिडोबा उपाशी उभा. मागचे पाय आखूड, सबब दोन पायांवर चालणे अशक्य. हातांना लांब नख्या, सबब चार पायांवरही अशक्य. पाठीवर शीड, सबब पाण्यात कलंडणार.

"अहो, पण मी इथे चालतच आलो ना!"

"ते तुमचं वैयक्तिक मत झालं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याची नोंद झाडांमध्ये केली.

झाडं मासे खात नाहीत, हे तुम्हांला शाळेत शिकवलं असेलच.

शिडोबा बिचारा नियम पाळणारा. नेमून दिलेल्या जागी उभा राहिला. शिडावर पाखरांनी घरटी बांधली. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मला अजूनही त्याची दया येते.

दहाव्या दिवशी ऊन फार कडक होतं. समितीने आपली बैठक या नव्या झाडाच्या सावलीत ठेवली. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. शिडोबाने मान खाली केली आणि त्यांना कवचासकट गिळलं. मग तो तुरुतुरु चालत काठावर गेला, पाण्यात शिरला आणि पोहत पलीकडे निघून गेला.

सरड्याने अहवाल लिहिला : "झाड अंगावर पडून अध्यक्षांचे दुःखद निधन. झाड प्रवाहात वाहून गेले."

तात्पर्य : तज्ज्ञांचा निष्कर्ष कधीच चुकत नाही. फार तर एखादा तज्ज्ञ कमी होतो.