पुलाअलीकडचे सुखदेवजी

मुलांनो,

तुमची आजी एकदा शेजाऱ्याकडे साखर मागायला गेली, तेव्हा तिला फाटकाबाहेर उभे करून विचारण्यात आले, "कुठून येनं झालं? सोबत काय हाये? किती वेळ थांबनार?"

मी समोरच्याच घरातून आले होते आणि सोबत रिकामी वाटी होती. ती त्यांनी उलटी करून पाहिली आणि मग फाटकाला आडवा बांधलेला बांबू वर केला. मी इतकी थक्क झाले की साखर न मागताच परत आले.

हे आमचे पांढरकवड्याचे शेजारी सुखदेवजी. त्यांची सारी नोकरी पैनगंगेच्या पुलाअलीकडच्या नाक्यावर गेली. त्या वर्षांत आपल्याकडच्या शेतकऱ्याला कापूस इथल्या सरकारी खरेदीलाच घालावा लागे, आणि पुलापलीकडे, आंध्रात, भाव जास्त असे. म्हणून कापूस पलीकडे जायला बघायचा आणि सुखदेवजी तो अडवायचे. एकदा त्यांनी वरातीच्या घोड्याच्या झुलीतून कापूस काढला होता. लोक शिव्या देत. हे शांतपणे म्हणत, "हद्द हाये म्हनून राज्य हाये. बांबू उचलला का राज्य खलास." निवृत्त झाल्यावर करमेना, म्हणून घरालाच बांबू लावला.

बायको लवकर गेली होती. ललिता ही एकच लेक, आणि ती दिली नेमकी पलीकडे, आदिलाबादच्या बाजूला. लग्न सकाळी लागले आणि दुपारी हे गृहस्थ कामावर हजर! मांडवातल्या आम्ही बायका बघतच राहिलो. पण खरा धक्का पुढेच होता. संध्याकाळी नवरीची गाडी नाक्यावर आली. टपावर रुखवताची गादी बांधलेली होती. गादीत कापूस, आणि कापूस पलीकडे न्यायची बंदी. सुखदेवजींनी गादी खाली उतरवली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तिची शिवण ब्लेडने उसवली. आत सरकीचा कच्चा कापूस नव्हता, साधी पिंजलेली रुई होती, ती वाऱ्याने नवरीच्या केसांवर उडून बसली. यांनी रजिस्टरात लिहिले, 'तपासले, योग्य.'

ललिता एवढेच म्हणाली, "बाबा, आता तुमी तुमच्या हद्दीत राहा."

लेक रागाने बोलली होती. यांनी तो हुकूम मानला. चार वर्षे झाली, नातू दोन वर्षांचा झाला, पण हे पूल ओलांडेनात. कोणी समजवायला गेले की म्हणत, "परवानगी नाही."

अशात परदेशातून तुमचे पत्र आले. तुम्ही लिहिले होते, सकाळी घरी नाश्ता केला, दुपारी शेजारच्या देशात जेवलो, मध्ये कोणीच अडवले नाही, फक्त पाट्यांवरची भाषा बदलली. मी ते कौतुकाने सुखदेवजींना वाचून दाखवले. त्यांच्या हातातला चहा निवून गेला. पत्र पुन्हा वाचायला लावले.

"देश इकला का त्याईनं?"

मी सांगितले की विकला नाही. ज्याचा त्याचा झेंडा आहे, ज्याची त्याची संसद आहे, पण काही गोष्टी ते मिळून ठरवतात.

"घर आपलं अन् किल्ली साऱ्याईची? असं कुठं राह्यते का? अन् भांडन झालं तं?"

त्या देशांची एकमेकांची लाखो माणसे मारून झाली, तेव्हा कुठे हे शहाणपण आले, असे मी म्हटले. आता ते वर्षानुवर्षे एका टेबलाशी भांडतात, पण उठून जात नाहीत.

त्यांनी विचारले, "मंग नाक्यावरच्या मानसाईचं काय केलं?" तेच पुढे म्हणाले, "त्याईच्या लेकी पलीकडं असतीन, तं बरंच झालं म्हना."

दुसऱ्या दिवशी ते कोरा कागद घेऊन आले. अर्ज लिहायचा होता, तोही इंग्रजीत. ललिता इथेच मराठी शिकली आहे, हे मी त्यांना सांगून पाहिले. "बाई, दोन राज्याईचा मामला हाये. रीतसर होऊ द्या." मी लिहीत गेले. सोबतचा माल: काही नाही. येण्याचे कारण: लेक आणि नातू पाहणे. मुक्काम किती दिवस, इथे ते अडले.

"ते रिकामं ठेवा. हद्द तिची हाये. तिनं भरावं."

आठ दिवसांनी कार्ड आले. 'रविवारी दहा वाजता पुलावर.' बस, एवढेच. सुखदेवजी घाबरले. "यात हो पन नाही अन् नाही पन नाही." पंच म्हणून मला बरोबर नेले.

पुलाच्या त्या टोकाकडून ललिता चालत आली, कडेवर पोरगा. मधोमध येऊन थांबली. सुखदेवजी गेले आणि तिच्या एक पाऊल अलीकडे उभे राहिले. मग त्यांनी आपल्या पिशवीचे तोंड दोन्ही हातांनी उघडून तिच्यापुढे धरले.

"तपासून घे," ते म्हणाले.

मला वाटले, आता ही हसेल, नाहीतर पाठ फिरवून निघून जाईल. तिने पिशवीत पाहिलेही नाही. कडेवरचे लेकरू सरळ त्यांच्या हातांत दिले. पिशवी पुलावर पडली.

"चला बाबा. त्याले ऊन लागते."

दोघे चालू लागले. सुखदेवजींनी मागे वळूनही पाहिले नाही. मी पिशवी उचलली आणि तिथेच उभी राहिले. मला कोणी 'या' म्हटले नव्हते.