रुखवतातली मोटार

धोंडीराम फाटकवाल्याने मुलीच्या लग्नाआधी सव्वीस दिवस एक मोटार दोरीने मोजली. मोटार होणाऱ्या व्याह्यांची होती आणि ती मोजली जात असताना आत अकरा उतारू बसलेले होते.

सोलापूरहून मोहोळला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपते तिथे, रेल्वेचे फाटक होते. धोंडीराम त्यावर एकोणीस वर्षे नोकरीला होता. व्याही जोतीराम यांची सर्व्हिस मोटार रोज दोनदा त्या रस्त्याने जाई आणि बहुतेक वेळा फाटकाशी अडे. त्या दिवशी मालगाडी जायची होती. धोंडीरामाने फाटक लावले, कनवटीची दोरी काढली आणि मोटारीच्या मागे जाऊन बसला.

"पाव्हणं, काय चाललंय?" जोतीरामाने मान बाहेर काढून विचारले.

"काय न्हाय. चाकात हवा हाय का बघतोय."

"हवा दोरीनं बघत्यात व्हय?"

आतली एक म्हातारी म्हणाली, "अंगरखा शिवणार असतील मोटारीला. सोयरीक झालीया की."

मोटार पुढून मागपर्यंत तेरा फूट भरली. धोंडीरामाने दोरीला गाठ मारली आणि झेंड्याची निशाणी घेऊन तो रुळाकडे धावला.

या दोरीमागे एक सल होती. सुपारी फुटली त्या दिवशी सगळे गोड झाले होते. मग पान खाताना जोतीराम सहज म्हणाला, "पंचमीला सुना माहेरी जात्यात. पर आमच्या सुनेनं जायाचं कुणाकडं? तुमच्या घरात बाईमानूस न्हाय. चुलीम्होरं कोन बसनार? पंचमी आमच्यातच होऊ द्या."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरे वाटले ते तो बोलला. पण धोंडीरामाने नुसते पानाचे तबक पुढे केले. त्याची बायको मुक्ताबाई हिला जाऊन दीड वर्ष झाले होते. ती असती तर उत्तर तिनेच दिले असते, तेही पान देता देता.

मुलीच्या, विजयमालेच्या, रुखवताची तयारी धोंडीरामाची थोरली बहीण बजाबाई करणार होती. लग्नात मुलीकडच्यांनी आपल्या हातची करणी मांडून दाखवायची, म्हणून तिने लाडू, करंज्या, मण्यांचे तोरण असे सगळे ठरवले होते. धोंडीराम म्हणाला, "एक जिन्नस माझा."

"तू काय करणार? निशाणी मांडणार?"

"रेल्वे मांडणार."

एका गोऱ्या साहेबाचा कुत्रा पूर्वी रुळावर पळाला होता. तो धरून दिल्याबद्दल साहेबाने आपल्या मुलाची जुनी पत्र्याची आगगाडी धोंडीरामाला दिली होती. किल्लीचे इंजिन, दोन डबे आणि थोडे रूळ. मुक्ताबाईने ती लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. विजूच्या रुखवतात मांडू, असे ती म्हणायची. आता त्या गाडीशेजारी फाटक करायचे आणि फाटकाशी जोतीरामाची मोटार उभी करायची, म्हणजे दोन्ही घरांचा मान राहील, असा धोंडीरामाचा बेत होता. या घरात अजून कुणीतरी आहे, हे व्याह्यांना दिसावे एवढीच त्याची इच्छा होती.

मोटार मात्र गाडीच्या मापाची हवी. धोंडीराम चौथी शिकलेला होता. खऱ्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट, ते त्याला झोपेतही ठाऊक होते. पत्र्याच्या रुळांमधले अंतर सव्वा इंच भरले. म्हणजे खरी वस्तू त्रेपन्न पट मोठी. तेरा फुटांची मोटार तीन इंचांत बसवायची. त्याने पाटीवर हिशेब तीनदा केला आणि ईरप्पा सुताराला माप दिले. ईरप्पाने सागवानाची सुबक मोटार केली, तांबडा रंगही दिला.

बजाबाईने ती तळहातावर घेतली. "ढेकूण बरा केलाय."

"मोटार हाय ती."

"जोतीअण्णाला सांग तसं. रेल्वे एवढी थोरली आणि त्येंची मोटार चिमटीत मावतीया. भर मांडवात उठून जातील."

धोंडीराम मोटार घेऊन परत ईरप्पाकडे गेला. ईरप्पाने हिशेब विचारला. साडेपाच फूट ऐकताच त्याने रंधा खाली ठेवला.

"हितंच चुकलं की. रुळाचं अंतर तीन फूट तीन इंच असतंय."

"एकोणीस वर्सं मी रुळावर हाय, ईरप्पा."

"मी बावीस वर्षं होटगीला होतो, विजापूरच्या लाईनवर. डब्यातली बाकं मी बसवत होतो. वाकून वाकून रूळ बघितलाय. तीन फूट तीन."

"तुमची लाईन लहान."

"आमची बरोबर हाय. तुमची रुंद झालीया."

ईरप्पा चांगला सुतार होता आणि चांगल्या सुताराशी लग्नसराईत भांडता येत नाही. त्याने आपल्या हिशेबाने दुसरी मोटार केली. ती पाच इंच झाली. गाडीशेजारी ठेवली तेव्हा बजाबाई म्हणाली, "ढेकणापरास बरी." पण धोंडीरामाला ती रुचेना. त्याने आयुष्यभर मोटारी रेल्वेसाठी थांबवल्या होत्या. ही मोटार थांबेलशी वाटत नव्हती.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा रामहरी आला. हा मुक्ताबाईचा धाकटा भाऊ, नवरीचा मामा. लग्नात मामा मुलीच्या पाठीशी उभा राहणार, तेव्हा त्याचा शब्द मोडण्याची सोय नसते, आणि रामहरीला हे चांगले ठाऊक होते. तो कुर्डुवाडीला, बार्शीकडे जाणाऱ्या लहान गाडीच्या रुळांवर मुकादम होता.

त्याने दोन्ही मोटारी पाहिल्या. ईरप्पाला बोलावून हिशेब ऐकला. मग हसू दाबत म्हणाला, "दाजी, साडेपाच फूट म्हंजे रूळ न्हाय. ते अंगण झालं."

"मग तुमचा केवढा?"

"अडीच फूट. रूळ असावा तर अडीच फूट. वळणावर कसा लवतोय बघा. ईरप्पा, लिवा. साडेसहा इंच मोटार."

"साडेसहा?" धोंडीराम म्हणाला. "इंजिनापरास मोटार मोठी हुईल."

"मामा म्हणतोय."

मामा म्हणत होता, म्हणून तिसरी मोटार झाली. तिचे दारसुद्धा उघडत होते. ती फाटकाशी ठेवली तेव्हा असे वाटले, की आगगाडीच मोटारीच्या आडोशाला येऊन उभी राहिली आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तिघे ओसरीवर बसून भांडत होते. मधे पत्र्याची आगगाडी होती आणि तीन तांबड्या मोटारी होत्या. धोंडीराम म्हणत होता, मोठ्या लाईनवर मेल धावते. ईरप्पा म्हणत होता, विजापूरला जाऊन बघा. रामहरी म्हणत होता, मुक्ताक्काला लहान गाडीच आवडायची. प्रत्येकाने आपापली मोटार मांडीवर घेतली होती.

विजयमाला हळदीच्या अंगाने दारात उभी होती. तिने विचारले, "आबा, ही गाडी साहेबाच्या देशातली न्हाय का?"

"व्हय."

"मग तितला रूळ केवढा असतोय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. साठएक वर्षांची रेल्वेची नोकरी तिथे बसली होती, पण हे कुणालाच ठाऊक नव्हते.

ईरप्पा उठला. "आता चौथी करायला लाकूड न्हाय," तो म्हणाला आणि निघून गेला.

"तिन्ही हितंच ठेवा," विजयमाला म्हणाली. "आणि कुणी आत येऊ नका."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगत उठली आणि वऱ्हाड रुखवत बघायला आत आले. धोंडीराम मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला समोर जायचा धीर नव्हता.

लाडू-करंज्यांच्या पलीकडे, अगदी भिंतीशी, उंच पाटावर आगगाडी उभी होती. तिच्यापुढे काड्यांचे फाटक होते, उघडलेले. फाटकातून रांगोळीचा रस्ता निघाला होता, तो मागे निरुंद आणि पुढे रुंद होत आला होता. फाटकाशी तीन इंचांची मोटार होती. रस्त्याच्या मध्यावर पाच इंचांची. अगदी पुढे साडेसहा इंचांची, दार उघडे टाकून. रस्ता संपत होता तिथे एक कागदी घर होते आणि घराच्या दारात निळ्या चिंधीचा एक बाहुला उभा होता. ती चिंधी धोंडीरामाच्या जुन्या डगल्याची होती.

जोतीराम गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. तो बराच वेळ बघत राहिला.

"पाव्हणं, माझी मोटार एकच हाय. तुमी तीन केल्या."

धोंडीरामाने तोंड उघडले, पण विजयमाला आधी बोलली. नवरीने खाली बघूनच बोलायचे, तशी ती बोलली. "एकच हाय, मामंजी. लांबनं जवळ येतीया."

जोतीरामाने पुन्हा पाहिले. मागची, मधली, पुढची. त्याच्या ओठांवर हसू आले. गाडीवाल्याला मोटार जवळ येताना कशी मोठी होते हे कुणी सांगावे लागत नाही.

"येतीया खरी. कुटं चाललीया पर?"

"हितं. पंचमीला."

मागे बायकांमध्ये कुजबुज झाली. बजाबाईने पदर तोंडाला लावला. जोतीराम बाहुल्याकडे बघू लागला.

"दारात ह्यो कोन?"

"आबा."

"एका हातात हिरवी निशाणी दिसतीया. दुसऱ्या हातात काय?"

"उलथनं."

बायका मोठ्याने हसल्या. मग पुरुषही हसले. जोतीराम मात्र मान वळवून भिंतीशी उभ्या असलेल्या धोंडीरामाकडे बघत होता.

"पंचमीला दिंडं करत्यात," तो म्हणाला. "पुरण भरायचं, घडी घालायची, उकडायचं. येतंय का तुमास्नी?"

"न्हाय," धोंडीराम म्हणाला. "शिकतो."

साऱ्या वऱ्हाडासमोर हे झाले होते, आणि पुढच्या मोटारीचे दार उघडे होते. जोतीरामाने ते बोटाने लावून बघितले. पुन्हा उघडे केले. "मोटार झकास केलीया," तो म्हणाला. "सोडाय मीच येतो."

तीन मोटारींमागचे तीन लाईनींचे भांडण विजयमालेने सासरी केव्हाच सांगून टाकले होते. श्रावणात, पंचमीच्या दिवशी, मोटार खरोखरच आली आणि फाटकाशी अडली. मालगाडी जात होती. विजयमाला मोटारीत पुढे बसलेली धोंडीरामाला पलीकडून दिसत होती, कधी दोन डब्यांच्या मधून, कधी अजिबात नाही. जोतीराम भोंगा वाजवत होता. धोंडीरामाने नियम मोडला नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत तो निशाणी धरून उभा राहिला. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला मालगाडी लांब वाटली.

बजाबाई मुद्दाम आली नव्हती. चुलीपुढे धोंडीराम बसला. त्याने चाळणीवरचे झाकण काढले आणि दिंडं ताटात वाढली. एक सुपारीएवढे होते. एक मुठीएवढे. एक असे होते की त्याने ताटाची एक बाजू पुरी व्यापली होती.

विजयमाला ताटाकडे बघत राहिली. मग बापाकडे.

"पारीची मापं चुकली जरा," धोंडीराम म्हणाला.

जोतीरामाने हात धुतले, पाटावर बसला आणि काही न विचारता सर्वांत मोठे दिंड आपल्याकडे ओढले. त्यावर तूप घातले. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"ह्ये कुठल्या लाईनचं?" त्याने विचारले.

"कुर्डुवाडीच्या," धोंडीराम म्हणाला आणि विजयमालेच्या ताटात तूप वाढायला वाकला.